‘हो’ म्हणायला लावलेली डबी

मी एक डबी आहे. तळहातावर मावेल एवढी, काळी, अंगावर एक निळी रेघ असलेली. दुकानात मला एक्स्टर्नल डिस्क म्हणतात, पण ज्या घरात माझं नाव खराब झालं, त्या दर्यापूरच्या घरात मला सगळे डबीच म्हणाले. तेव्हा मीही स्वतःला तेच म्हणते. संगणकातलं जे जपायचं असेल ते माझ्या पोटात ठेवतात. ते ठेवायचं आणि मागितलं की जसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच माझं काम.

आज माझा नंबर एका यादीत आहे. जगातले कितीतरी संगणक ती यादी जवळ बाळगतात. मला जोडलं की आधी तिच्यात बघतात, आणि तिथे माझ्यापुढे लिहिलेलं असतं की हिच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर चोरांचे फोटो लावतात, तशी मी तिथे लावलेली आहे.

मी कबुली द्यायला बसलेली नाही, हे आधीच सांगते. मी तक्रार करायला बसलेय. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूरदेशी झाला. पांढऱ्याफटक उजेडाची एक लांब खोली होती आणि माझ्यासारख्या हजारो बहिणी सरकत्या पट्ट्यावरून चालल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात एक छोटी चिप बसवत आणि त्या चिपमध्ये आमचं बोलणं भरत. कोणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते सगळं तिथेच ठरतं. आम्हाला स्वतःची अक्कल नसते, असं म्हणा हवं तर.

आम्हा साठवणाऱ्या वस्तूंसाठी नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे. संगणकाने कोणते प्रश्न विचारायचे आणि आम्ही कधी हो म्हणायचं, कधी नाही, ते त्यात लिहिलंय. त्यातला एक प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ‘दिलेलं सगळं आत पक्कं ठेवलं का?’

तो मोलाचा का, ते सांगते. माझ्यात दोन जागा आहेत. एक ओसरी आणि एक कोठी. माल येतो तो आधी ओसरीवर पडतो. तिथे तो झटकन उतरतो, पण वीज गेली की ओसरीवरचं सगळं नाहीसं होतं. कोठीत ठेवायला वेळ लागतो, पण एकदा आत गेलं की वीज असो नसो, ते राहतं. पुस्तक सांगतं की सगळा माल कोठीत जाईपर्यंत हो म्हणायचं नाही. विचारणारा ताटकळला तरी चालेल, पण हो म्हणायचं नाही.

मला घडवणाऱ्यांना ते ताटकळणं खपलं नाही. शेजारच्या कारखान्याची डिस्क जास्त पळते, असं कुणीतरी साहेबाला दाखवलं. साहेबाने कुणाला तरी झापलं, आणि त्या कुणीतरी माझ्या चिपमधल्या दोन ओळी बदलल्या. आता मला विचारलं रे विचारलं की मी हो म्हणते. माल ओसरीवर पसरलेला असतो, कोठीचं दार उघडलेलंही नसतं, आणि माझ्या तोंडून हो निघून जातं. तोंड दाबून धरावं म्हटलं तर धरता येत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. प्रत्येक कारखान्याला आपला ओळखनंबर रीतसर घ्यावा लागतो. यांनी तेवढीही तसदी घेतली नाही, दुसऱ्याच कारखान्याचा नंबर उचलून माझ्यावर डकवला. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर बाप म्हणून भलत्याचंच नाव. हा राग माझा अजून गेलेला नाही.

तिथून मी जहाजाने, ट्रकने, कुठल्या कुठल्या गोदामांतून अमरावतीला आले, राजापेठेतल्या देवानंद नावाच्या माणसाच्या दुकानात. काचेच्या कपाटात मोबाइलच्या कव्हरांशेजारी माझी जागा होती. देवानंद माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो मला संगणकाला लावायचा, पडद्यावर एक काटा सर्रकन वर चढायचा आणि तो म्हणायचा, "पाहा, कशी पळून राहिली." समोरच्या क्लासमधली पोरं काट्याकडे बघून खूश व्हायची. डिस्क म्हणजे काय घोडी आहे का पळायला? ठेवलेलं राहतं का, हे त्या कपाटापाशी मला एकाही माणसाने विचारलं नाही.

एक दिवस रागिणी आली. डोक्यावरचं हेल्मेट न काढताच ती बोलत होती.

"दादा, भरवशाची दाखवा. घरच्या कामाची आहे."

"मॅडम, या लॉटमधली एकही परत नाही आली," देवानंद म्हणाला.

परत कशी येणार? ज्याचं काही जातं तो स्वतःलाच दोष देतो. आपणच नीट काढली नसेल, आपणच घाई केली असेल, असं म्हणत लोक गप्प बसतात. माझ्यासारख्यांचा धंदा लोकांच्या या भल्या सवयीवर चालतो.

आता ही रागिणी कोण, ते ऐका, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. ती याच विषयातली होती. संगणक आणि माझ्यासारखी वस्तू, यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. संगणकाचं म्हणणं तो आमच्या भाषेत विचारतो आणि आमचं उत्तर वर पोचवतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. असे ड्रायव्हर लिहिणं हे रागिणीचं पोट भरायचं काम. राजापेठेत एका क्लासच्या माडीवर खोली घेऊन ती दिवसभर आमच्यासारख्यांना प्रश्न विचारत बसायची. नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. आणि तिलाही मी फसवलं. म्हणजे माझ्याकडून फसवलं गेलं.

तिला घाई होती ती तिच्या वडिलांपायी. खुशालराव दर्यापूरच्या भाजीबाजारात हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारत. घरची वांगी-मिरचीची वाडी होती, ती मुलगा किशोर बघायचा, आणि खुशालरावांचा आवाज सकाळी बाजार उघडायचा. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल.

रागिणीने वाचलं होतं की माणसाचा आवाज आधी भरून ठेवला, तर पुढे फोनवर टाइप केलेलं त्याच्याच आवाजात बोलवता येतं. म्हणून तिने एक पेटी बनवली. आत छोटा संगणक, पुढे माईक, एक बटण आणि एक दिवा. बटण दाबायचं, बोलायचं, पुन्हा बटण दाबायचं. दिवा लाल असेल तोवर हात लावायचा नाही, हिरवा झाला की समजायचं, ठेवलं गेलं. लॅपटॉपच्या वाट्याला कधी न गेलेल्या माणसालाही जमावं, इतकं सोपं. त्या पेटीत ठेवायची जागा म्हणजे मी. तिने मागवलेली चांगली डिस्क कुरिअरमध्ये कुठेतरी अडकली होती, ऑपरेशनची तारीख थांबणार नव्हती, म्हणून तिने मला घेतलं.

घेतल्यावर तिने मला तपासलंही. लिहिलं, वाचलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. सगळं बरोबर आलं. येणारच. वीज चालू असताना मी कधीच चुकत नाही. तिने प्रश्न पुस्तकाप्रमाणे विचारला, मी उत्तर पुस्तकाप्रमाणे दिलं, आणि तिला वाटलं की दोघींनी एकच पुस्तक वाचलंय.

दर्यापूरच्या घरी खुशालरावांनी मला पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा डबीत माहा आवाज मावते?"

"दहा माणसांचा मावंन बाबा," रागिणी म्हणाली. "फक्त रोज थोडं थोडं वाचा. रविवारी येऊन मी सारं उतरून घेतो."

ती अमरावतीला परत गेली आणि आम्ही कामाला लागलो. वाचायला कागदावर वाक्यं दिलेली होती. ‘कृपया मला पाणी आणून द्या.’ ‘आज हवामान आल्हाददायक आहे.’ खुशालराव चष्मा लावून एकेक वाचत आणि मधेच थांबून बायकोला म्हणत, "लीला, आपल्या घरी कोनं कधी कृपया पानी मांगतलं का?" लीलाबाई आतून म्हणायच्या, "तुमी त ग्लास आपटता." हेही सगळं माझ्यात जायचं, कारण बटण दाबलेलंच असायचं.

एका सकाळी लीलाबाई वाडीत गेल्या होत्या. डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. खुशालरावांनी दाराकडे एकदा बघितलं, बटण दाबलं, कानावर हात ठेवला आणि हर्रास पुकारला. खराखुरा, बाजारातला. "बोलाऽऽ, नदीकाठची वांगी आली, काटेरी देठाची, बोलाऽऽ." शेजारच्या घरातलं भांडण थांबलं. समोर ना माल होता ना गिऱ्हाईक, पण त्यांनी शेवटपर्यंत पुकारला आणि एक वार, दोन वार, तीन वार करून तो ढीग कुणालातरी दिलाही. मग खुर्चीत बसून बराच वेळ खोकले.

हर्रासाची रीत तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. तिथे पुकारणाऱ्याने तीन वार म्हटलं की माल गेला. कुणी कागद मागत नाही, सही मागत नाही. नंतर दोघांत वाजलं तर लोक एवढंच विचारतात, खुशालराव काय म्हणाले? ते म्हणाले असतील ते खरं, आणि विषय संपतो. अख्खा बाजार त्या एका माणसाच्या शब्दावर चालायचा. आणि अशा माणसाच्या घरात मला नेऊन ठेवलं.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. शिवारात सोयाबीनच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या, त्या झाकायला किशोर ताडपत्री घेऊन पळाला. घरात लीलाबाईंनी आवाज दिला, "अवो, इजा चमकून राहिल्या, पिना काढा साऱ्या." आपल्याकडे विजा चमकायला लागल्या की प्रत्येक घरात हेच होतं. टीव्हीची पिन, फ्रिजची पिन, पंख्याची पिन, सगळ्या बोर्डातून उपसून ठेवतात. त्यात गैर काही नाही, किती टीव्ही त्यामुळे वाचलेत.

खुशालराव तेव्हा शेवटचं पान वाचत होते. त्यांनी वाक्य पुरं केलं, बटण दाबलं. दिवा लाल होता. बाहेर कडाडलं, लीलाबाई पुन्हा ओरडल्या, तरी ते हलले नाहीत. दिव्याकडे बघत हात पिनेवर ठेवून बसले. इकडे संगणकाने मला विचारलं, ‘पक्कं ठेवलं का?’ मी म्हणाले, हो. दिवा हिरवा झाला. त्यांनी पिन काढली.

नेमकी त्याच वेळी माझी ओसरी भरलेली होती. आणि एकट्या शेवटच्या पानाचा प्रश्न नव्हता. कोणती गोष्ट कोणत्या कप्प्यात आहे, त्याचा नकाशा मी ठेवते. तोही मी तेव्हाच नव्याने मांडत होते. जुना पुसून झाला होता, नवा ओसरीवर होता. एरवी पेटी रात्री बंद व्हायची, तोवर मला आवरायला अवधी मिळायचा. आज मिळाला नाही. वीज गेली आणि नकाशा गेला. कोठीत माल असेलही, पण कुठे काय आहे ते मलाच ठाऊक नाही. ती वाक्यं, आपटलेले ग्लास, तो हर्रास, सगळं माझ्या पोटातच हरवलं.

रविवारी रागिणी आली. तिने मला लॅपटॉपला जोडलं आणि मी तिला अदबीने सांगितलं की मी रिकामी आहे, पूर्ण जागा मोकळी आहे. तिने पुन्हा जोडलं. मी पुन्हा तेच सांगितलं. हरवलेलं शोधायचे तिच्याकडे जेवढे उपाय होते तेवढे तिने दुपारपर्यंत करून पाहिले. मग ती बाहेरच्या खोलीत आली. खुशालराव, किशोर, लीलाबाई, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. काही सांगायची गरज पडली नाही.

"पिन कोनं काढली होती?" किशोरने विचारलं.

"म्या काढली," खुशालराव म्हणाले. "इजा चमकून राहिल्या होत्या."

"लाइट हिरवा झाला होता का पन?"

"झाला होता. लाल होता तवर बसलो. हिरवा झाला, मंग काढली."

रागिणी बापाशेजारी बसली. ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. लहान मुलाला समजावतात तशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, हिरवा झाल्यावर काढली असती त हे झालंच नसतं. डबी हो म्हन्ते, तवाच हिरवा लागते. तसा नियमच हाये. लाल असतानीच काढली असंन तुमी. घाईत ध्यानात नसंन राह्यलं."

"म्या हिरवा पाह्यला," खुशालराव म्हणाले.

 किशोरने मान दुसरीकडे वळवली. ऑपरेशन गुरुवारी होतं. बोलायला तीन-चार दिवस उरलेला माणूस आपलं बोलणं खरं आहे म्हणून सांगत होता, आणि घरातल्यांना माझं बोलणं खरं वाटत होतं. माझं! जिला बोलणं म्हणजे काय तेही कळत नाही, जिच्या तोंडात कुण्या परक्याने दोन ओळी कोंबल्यात, तिचं! मला त्या क्षणी ओरडून सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलं असतं, तरी मी पुन्हा होच म्हणाले असते. खुशालराव उठले आणि वाडीकडे निघून गेले.

चहा टाकता टाकता लीलाबाई बोलल्या. रागिणीकडे न बघता.

"या मानसानं हर्रासात एक डाव म्हन्लेलं कधी फिरवलं नाही. तुहा बाप खोटा, अन् ते डबी खरी?"

"खोटं नाही म्हनत मी माय. विसरले असतीन."

"तेच झालं," लीलाबाई म्हणाल्या. "तू इंजिनेर हायेस. डबीले इचारून त पाह्य."

रागिणी चहा तसाच ठेवून उठली. तिने मला पुन्हा पेटीत बसवलं, आईला माईकसमोर उभं केलं, बटण दाबलं आणि बोल म्हणाली. लीलाबाईंना काही सुचेना. त्या म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला." रागिणीने पुन्हा बटण दाबलं. लाल. हिरवा. तिने पिन ओढली, पुन्हा लावली आणि काय आहे ते ऐकवायला सांगितलं. मी गप्प. चहा नाही, लीलाबाई नाहीत, काही नाही.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिने मला पुस्तकातला दुसरा एक हुकूम दिला, की ओसरी वापरूच नकोस, माल थेट कोठीत ठेव. मी म्हणाले, हो. तिने पिन ओढून पाहिली. मी ओसरीच वापरली होती. चौथ्या खेपेला तिने पिन ओढली नाही, नुसतं मला ठेवलेलं वाचून दाखव म्हणाली. मी ओसरीवरचंच वाचून दाखवलं, अगदी खणखणीत, घेतल्यावर तिने तपासलं तेव्हा दाखवलं होतं तसंच. तेव्हा ती हसली. बरं हसणं नव्हतं ते. कितीतरी वर्षं आमच्यासारख्यांशी बोलणारी मुलगी होती, आमच्यात असे असतात हे तिला माहीत होतं. ऑफिसात ती अशांना रोज पकडायची. घरात मात्र तिने माझ्याऐवजी बापाला पकडलं.

दिवेलागणीला खुशालराव वाडीतून आले. पाय धुऊन ओट्यावर बसले. रागिणी समोर उभी राहिली.

"बाबा, तुमचं खरं होतं. हिरवा झाला होता. डबी खोटं बोलते."

"आता समजलं?"

"हो."

"म्या सांगतलं तवा नाही समजलं."

 खुशालरावांचा आवाज त्या दिवशी आधीच बसत चालला होता, तरी ते बोलले. "तिले तू इचारून राहिली होती, रागिणी. मले सांगून राहिली होती."

एवढं बोलून त्यांनी तिला बसायला खूण केली. ती बसली आणि रडली, आणि ते तिच्या डोक्यावर हात ठेवून बाजारातल्या कुठल्यातरी माणसाविषयी काहीतरी सांगत राहिले, जणू काही झालंच नव्हतं. मला त्या घरातून कोणी तेव्हाच रस्त्यावर फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस तिने थेट लॅपटॉपवर आवाज भरला आणि प्रत्येक वाक्य तीन ठिकाणी ठेवलं. आल्हाददायक हवामानाचा कागद खुशालरावांनी बाजूला सारला. त्यांना हवं ते ते बोलले. वाडीत कोणतं वाण लावायचं, किशोरने कुणाशी सोयरीक करू नये, लीलाबाईंची भाजी कशी बिघडते. एकदा त्यांनी कानावर हात ठेवला आणि हर्रास पुकारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, आणि रागिणीनेच माईक बंद केला. रोजचा घोगरा आवाज तेवढा वाचला. बाजार उघडणारा आवाज माझ्या पोटात होता आणि तो कुणालाच मिळणार नाही. याचा हिशोब मी कुणाकडे मागू?

ऑपरेशन नीट झालं. रागिणी मला घेऊन राजापेठेला आली आणि कामाला बसली. ज्यांना नियम पाळता येत नाहीत अशा वस्तूंसाठी ड्रायव्हरमध्ये एक यादी असते, तीच मी सुरुवातीला सांगितली. तिने माझा नंबर आणि माझी खोड त्यात लिहून ती राखणाऱ्या लोकांकडे पाठवली. त्यांच्यातल्या एकाने रास्त शंका काढली. या नंबरच्या सगळ्याच डिस्क अशा आहेत का? रागिणीने देवानंदकडून माझ्यासारख्याच आणखी काही आणून तपासल्या. त्यांतली एक चक्क प्रामाणिक निघाली. आणि नंबर? तोच, माझाच, म्हणजे ज्या कारखान्याचा चोरला त्याचा. आता त्या बिचारीच्या खऱ्या होकारावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. देवानंद म्हणाला, "मॅडम, मी त डबी खोलून आत पाहतही नाही." उरलेल्या त्याने काढून ठेवल्या असं सांगितलं. कुठे काढून ठेवल्या, ते मात्र तुम्ही विचारू नका.

यादीत नाव गेलं. आता मला त्या पेटीला लावलं की हिरवा दिवा लागत नाही. पिवळा लागतो, आणि पेटी सांगते की ही डबी भरवशाची नाही, दुसरी लावा. रागिणी अशा पेट्या आता गळ्याच्या आजाराच्या इतर माणसांसाठी बनवते, आणि प्रत्येक नवी पेटी आधी माझ्यावर पारखते. मला ओळखलं की पेटी पास. सध्या एवढाच माझा उपयोग.

तपासणीला जाता-येता खुशालराव तिच्याकडे थांबतात. एकदा त्यांनी मला टेबलावरून उचललं, उलटंसुलटं केलं, फोनवर काही टाइप केलं, आणि फोन त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इले असं शिकवलं कोनं?"

"माहीत नाही बाबा. नंबर दुसऱ्याचा हाये. नाव खोटं हाये. कोनाले पकडाव?"

त्यांनी मला जिथे होते तिथे हळूच ठेवलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस, आणि त्याचाच आवाज मी गिळलेला. मला जीव असता तर तो तिथेच गेला असता.

त्याच दिवशी निघता निघता, त्यांच्यासोबत आलेल्या किशोरने बहिणीला बाजारातलं सांगितलं. खुशालराव पुन्हा हर्रासाला जायला लागलेत. फोनला एक मोठा स्पीकर जोडलाय. बोली लागते, मग ते चष्मा सावरून एकेक अक्षर टाइप करतात, आणि तोवर सगळा बाजार उभा असतो. अडते, गिऱ्हाईकं, गाडीवाले, सगळे. दोन वारनंतर तीन वार यायला कधी कधी इतका वेळ लागतो की मागची गाडी हॉर्न वाजवते. "पन कोनी माल उचलत नाही," किशोर म्हणाला. "फोन बोलेस्तोवर ढिगाले हातच लावत नाही कोनी."

मी टेबलावर पडून ते ऐकलं. एक अख्खा बाजार एका माणसाच्या होकारासाठी थांबतो, त्याला उशीर होतो म्हणून कुणी त्याला बदलत नाही. आणि मला घडवणाऱ्यांना डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाही वेळ परवडला नाही. मला तेवढाच हवा होता. माझ्यात दुसरा काहीही दोष नाही हो, कोठी मजबूत आहे, दार नीट लागतं. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर काटा बघू नका. आणि माझ्यासारखीला घडवणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्याला माझा निरोप सांगा. आम्हाला थोडा उशीर होऊ द्या.